शेरा : विशेष काही नाही

घोडपदेव,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

तुझा मेसेज परवा मिळाला. ‘चंपामावशीकडून कळलं. २० तारखेला मी येतो. – सम्यक.’ नाव कशाला लिहिलंस रे? नंबर तोच आहे तुझा, आणि माझ्या फोनमध्ये तो अजून ‘दादा’ म्हणूनच आहे. तीन वर्षांनी आलेला पहिला निरोप, आणि त्याखाली बँकेच्या पत्रासारखी सही. उत्तर चार वेळा टाइप केलं, चार वेळा पुसलं. फोनवर पुसणं फार सोपं असतं, म्हणून शेवटी कागद घेतला.

अक्षर वाकडं दिसेल. सकाळी बोटं वळत नाहीत, अकराच्या सुमारास वळायला लागतात. आता साडेबारा झालेत, म्हणजे हे माझं चांगलं अक्षर आहे.

इकडे सगळं ठीक. पाण्याची वेळ बदलून पहाटे साडेपाच झाली आहे, त्यामुळे मजल्यावर रोज एक भांडण जास्त होतं. चंपामावशी समोरच्या खोलीतून माझ्यावर डोळा ठेवून असतात. मी किती पोळ्या खाल्ल्या ते त्यांना माझ्याआधी कळतं. तुला त्यांनीच फोन केला हे मला ठाऊक आहे. विचारलं तर म्हणाल्या, “मी कशाला करू? माझा बॅलन्स संपलाय.” कालच त्या गावाला पाऊण तास बोलत होत्या.

मी हल्ली ऊन असलं की छत्री घेऊन निघते. आजारात ऊन चालत नाही, गालांवर लाल चट्टे उठतात. खालचा इस्त्रीवाला रघु रोज विचारतो, “ताई, आज कुठं पाऊस?” मी म्हणते, “तुमच्याकडे नाही का? आमच्या मजल्यावर पडतोय.” त्याला अजून हसू येतं. मला पहिले पंधरा दिवस येत होतं.

आता आजाराचं. मावशींनी तुला काय काय सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून नीट लिहिते. ल्युपस नाव आहे. शरीराचा स्वतःचा पहारा असतो, बाहेरून जंतू आला की त्याला अडवायचं हे त्याचं काम. या आजारात पहारेकऱ्यांना घरातली आणि परकी माणसं ओळखू येईनाशी होतात. सांधे, कातडी, जे समोर येईल त्यावर ते काठ्या चालवतात. औषधं आहेत. मी घेते. एका गोळीने तोंड सुजल्यासारखं गोल झालंय. मावशी म्हणतात, तब्येत सुधारली.

गेल्या महिन्यात लघवीतून प्रथिनं जायला लागली, म्हणजे पहारा मूत्रपिंडापर्यंत पोचला असावा. म्हणून २० तारखेला सुईने मूत्रपिंडाचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासणार आहेत. बायॉप्सी म्हटलं की लोकांना कॅन्सरच दिसतो. तसं नाही. किती नुकसान झालंय आणि औषध किती कडक द्यायचं, ते त्यावरून ठरेल. एक दिवस पाठीवर पडून राहायचं, दुसऱ्या दिवशी घरी. सोबत नातेवाईक लागतो, पण आमच्या लॅबमधले अजितसर येतो म्हणालेत. तेव्हा तू रजा फुकट घालवू नकोस.

आणि आईचं काही मनात ठेवून येत असशील, तर तेही नको. तू येऊ का विचारलंस तेव्हा आई ‘नको’ म्हणाली, ते मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यात आता काही बदलायचं नाही. झालं ते झालं.

वहिनींना जयभीम सांग. अपूर्वा आता पाचवीत असेल ना?

कपाटावरचा फोटो आहे तिथंच आहे. हे का लिहिलं माहीत नाही. तू विचारलं नव्हतंस.

तुझी,
अपेक्षा


परळ,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय दादास,
जयभीम.

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. डबा उघडला, बंद केला. तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. मग मेसेज : ‘रजा मंजूर झाली. आई नको म्हणाली म्हणून तेव्हा आलो नाही. तू नको म्हणालीस तरी येणार.’

हे वाचलं तेव्हा हातात रक्ताच्या नळ्यांचा स्टँड होता. तो खाली ठेवला आणि उगाच जाऊन हात धुऊन आले. परत येऊन पुन्हा वाचलं. पुन्हा हात धुतले. अजितसर म्हणाले, “काय गं, साबण फुकट आहे म्हणून काय?”

दादा, बाबांची पानं आठवतात तुला? आपलं भांडण झालं की बाबा मारायचे नाहीत की समजावायचे नाहीत. वहीची दोन पानं फाडून एक तुला, एक मला. “काय झालं ते लिही. पण दुसऱ्याने काय केलं ते नाही. तू काय केलंस तेवढंच.” तू दाराच्या उंबऱ्यावर बसायचास, मी पाण्याच्या पिंपाशी. दुसऱ्याचं नाव न घेता भांडण लिहिणं किती अवघड असायचं! तू एकदा नुसतं लिहिलं होतंस, ‘मी कंपास फेकला. तो लागला.’ बाबा म्हणाले, “कुणाला लागला?” तू म्हणालास, “तुम्हीच म्हणालात दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही.” आई पदराआड हसत होती.

आज मी तो नियम मोडून आधी तुझंच लिहिणार आहे. मला राग आहे आणि तो बाहेर आल्याशिवाय पुढचं सुचणार नाही.

तू दहावी झालास तेव्हा बाबांनी तुला बाबासाहेबांचा तो मोठा फोटो फ्रेम करून दिला. बदलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये तो तू हॉलमध्ये लावला होतास, मी पाहिला होता. अपूर्वाच्या वाढदिवसाला सोसायटीची माणसं येणार म्हणून तू तो उतरवलास आणि टॉवेलात गुंडाळून कपाटात, साड्यांच्या मागे ठेवलास. आई पर्स ठेवायला आत गेली आणि तिला तो सापडला. ती ओरडली नाही. फोटो काखेत मारला आणि सगळ्या पाहुण्यांच्या मधून चालत बाहेर पडली. स्टेशनपर्यंत तू मागे होतास, ती वळली नाही. घरी येऊन तिने फोटो पुसला आणि कपाटावर ठेवला. भिंतीवर लावला नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आपला भिंतीवर आहे. हा त्याचा आहे.”

त्यानंतर दोन वर्षं तू आला नाहीस. आईचा दमा, आईचे गुडघे, रेशनची रांग, दवाखाना, सगळं माझ्याकडे. मी लग्नाला नाही म्हणाले तेही त्याच काळात, पण ते राहू दे.

हा झाला तुझा भाग. आता माझ्या पानावर येते. पण सरळ येत नाहीये, कडेकडेने येतेय.

मृणालिनी मॅडमनी, म्हणजे माझ्या डॉक्टरांनी, मला वर्षापूर्वी एक वही ठेवायला सांगितली. रोज चार रकाने. दुखणं किती, झोप किती, ताप आहे का, आणि शेवटी शेरा : दिवसात काय झालं. आमचं कामच नोंदींचं, त्यामुळे एक दिवस चुकला नाही. गेल्या बुधवारी त्यांनी ती पहिल्यापासून वाचली. बाहेर रांग असताना.

“अपेक्षा, या सगळ्या दिवसांत तुमच्या आयुष्यात काहीच झालं नाही?”

मी म्हटलं, “विशेष काही नाही.”

“तेच लिहिलंय. दुखण्याला मात्र आकडे सुंदर दिलेत. साडेसहा. पावणेसात. तुमच्या लॅबमध्ये एखाद्या मशीनने रोज एकच उत्तर दिलं तर काय म्हणाल?”

“मशीन बिघडलंय म्हणेन.”

त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली.

मला राग आला. सगळे तेच सांगतात ना, टेन्शन घेऊ नकोस. मावशी सांगतात, रघु सांगतो, लिफ्टमनसुद्धा सांगतो. मी मावशींना एकदा म्हटलंही, “मी घेत नाही हो, ते घरपोच येतं.” माझ्या रक्तातली प्रतिद्रव्यं मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहेत. अंधाऱ्या खोलीत पेशींची केंद्रं हिरवी चमकतात. ती माझ्या स्वभावामुळे चमकत नाहीत. तसं मी मॅडमना बोलूनही दाखवलं.

त्या म्हणाल्या, “टेन्शनने हा आजार झाला असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच ठामपणे सांगता यायचं नाही. यात जन्मतः आलेलं असतं, हॉर्मोन्स असतात, ऊन असतं. पण मोठा धक्का किंवा वर्षानुवर्षांचा ताण सोसलेल्यांत असे आजार जास्त दिसतात, आणि झालेला आजार ताणाने उसळतो असं बरेच पेशंट सांगतात. तुमच्या चाळीखाली एखाद्या गाडीचा अलार्म वाजतो का?”

वाजतो की. तळमजल्यावरच्या दौलतकाकांची टॅक्सी. मांजर बसलं तरी कोकलते.

“पहिल्या दिवशी किती जण खिडकीत आले?”

“सगळे.”

“आता?”

“कोणी नाही. काकासुद्धा नाही.”

“ताण आला की शरीर एक स्राव सोडतं, कॉर्टिसॉल. त्याचं एक काम म्हणजे पहाऱ्याला सांगणं की बास, आवरा. दोन दिवसांच्या ताणात ते चालतं. पण ती घंटा महिनोन्महिने वाजत राहिली की पेशी ऐकेनाशा होतात. मग आवरणारं कोणी उरत नाही, दाह वाढतो. त्यात झोप मोडलेली. मी तुम्हाला जी गोळी देते ती त्याच स्रावाची बहीण आहे. वरून गोळी द्यायची आणि खाली घंटा चालूच ठेवायची, हे किती दिवस करायचं?”

वही घेऊन घरी आले. शेऱ्याच्या रकान्यात खरं काय लिहायला हवं होतं ते आठवत बसले.

दोन तारखा सांगते. २१ नोव्हेंबर, आई गेल्याचा दिवस. पुण्यानुमोदनाला मजल्यावरचे सगळे आले होते. मावशी म्हणाल्या, “लेक असावी तर अशी, शेवटचा शब्द न् शब्द जपला हिनं.” शेरा, विशेष काही नाही. सहाव्या दिवशी ताप.

६ डिसेंबर. मी दरवर्षीसारखी दादरला आमच्या संघटनेच्या औषधांच्या स्टॉलवर होते. दुपारी समोरच्या रांगेत तू दिसलास. अपूर्वा पांढऱ्या फ्रॉकमध्ये, तिची हनुवटी अगदी आईची. ती काहीतरी विचारत होती आणि तू वाकून, बोट दाखवून सांगत होतास. सगळ्यांसमोर, मोठ्याने. म्हणजे तू लपवत नव्हतास. मी बँडेजच्या खोक्यांमागे खाली बसले, तुमची रांग पुढे सरकेपर्यंत. शेरा, विशेष काही नाही. आठव्या दिवशी दोन्ही मनगटं इतकी सुजली की मावशींनी वेणी घातली.

दोन नोंदींवरून निष्कर्ष काढणारा माणूस आमच्याकडे नोकरीवर राहणार नाही. मला माहीत आहे. तरी त्या रात्री मी वही उघडीच ठेवून झोपले.

सुट्टी संपली. अजितसर हाक मारतायत. त्यांचं एक सांगायचं राहिलं. मला पहिल्यांदा संशय आला तेव्हा लॅबमध्ये कळू नये म्हणून मी माझं रक्त दुसऱ्या नावाने तपासणीला लावलं. रजिस्टरमध्ये नाव लिहायची वेळ आली आणि हात आपोआप लिहून गेला : रमाबाई गौतम. आईला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. सरांनी पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “अपेक्षा, गेलेल्या माणसाचं रक्त इतकं ताजं?” मी व्हाइटनर शोधायला लागले, तर त्यांनी हात धरला. “तीस वर्षं झाली मला इथं. पुसायचं नाही. चुकलेल्यावर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिही. सही, तारीख. ज्यानं चूक केली त्यानंच.”

मी रेघ मारली आणि शेजारी माझं नाव लिहिलं. उत्तर माझ्या नावावर आलं.

बाकीचं नंतर लिहिते.

अपेक्षा


घोडपदेव,
रविवार, १६ फेब्रुवारी

दादा,

पाच कागद फाडले. हा सहावा, आणि हा फाडायचा नाही असं ठरवून दार लावून बसलेय. मावशींना सांगितलंय की झोपतेय. त्यांनी बाहेरून विचारलं, “उशी देऊ का गं?” माझ्याकडे चार उशा आहेत, हे त्यांना माहीत आहे.

उद्या सकाळी परळच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवीन. बुधवारपर्यंत पोचेल. तू गुरुवारी निघायच्या आधी हे वाचलेलं असावं, एवढीच धडपड आहे. तू न वाचता आलास, माझ्या उशाशी बसलास, मोसंबी सोललीस आणि मी ती खाल्ली, तर पुढे मला हे कधीच सांगता येणार नाही.

बाबांच्या नियमाने लिहिते. मी काय केलं तेवढंच.

नोव्हेंबर २०२१. आई न्युमोनियाने आमच्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात. तेव्हा एका पेशंटमागे एकच पास मिळायचा आणि तो माझ्याकडे होता. आईचा मोबाइल मी घरी ठेवला होता, हरवेल म्हणून. म्हणजे तिच्यापर्यंत जाणारा आणि तिच्याकडून येणारा प्रत्येक शब्द माझ्यातून जायचा.

गुरुवारी, १८ तारखेला, दुपारी तुझा फोन आला. तू म्हणालास, “मी येऊ का? तिला विचार. ती हो म्हणाली तरच येतो, नाहीतर तिला त्रास होईल.” मी म्हटलं, विचारते.

मी विचारलं. मास्क बाजूला करून तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “सम्याचा फोन होता? खरंच?” दादा, तो आवाज. दोन वर्षं मी तिचे पाय चेपले, तिची थुंकी काढली, तिच्या शिव्या खाल्ल्या. ती माझ्याशी कधी त्या आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. एकदम पोरीसारखी झाली ती. केस नीट करायला लागली.

म्हणाली, “त्याला म्हणावं, ये. आणि येताना मोठी पिशवी आण. फोटो घेऊन जा, तुला लावायचा तिथं लाव. मी काही बोलणार नाही.”

हे तिचे शब्द. मी एकही बदललेला नाही.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले आणि तुला फोन करून सांगितलं, “आई नको म्हणतेय.”

तू एवढंच म्हणालास, “बरं.” मी फोन ठेवला आणि लॅबमध्ये जाऊन कामाला लागले.

का केलं ते नियमात बसत नाही, तरी लिहिते. तुला दोन दिवस टोचावं एवढंच मनात होतं. दोनच दिवस. कारण आईच्या नळ्या माझ्याच टेबलावर येत होत्या. पांढऱ्या पेशी एकवीस हजारांवरून सोळा, सोळावरून बारा. दाहाचा आकडा निम्म्यावर. शुक्रवारी चांगला, शनिवारी त्याहून चांगला. मी आकडे वाचणारी बाई. मला वाटलं, ही आता बरी होतेय. सोमवारी बोलावू दादाला, तोवर ती उठून बसेल. दुसऱ्या कुणाच्या मुलीने आईच्या तोंडाकडे बघितलं असतं. मी कागदाकडे बघितलं. शनिवारी संध्याकाळी तिने विचारलंसुद्धा, “निघाला का तो?” मी म्हटलं, “रजा मिळत नाहीये गं, सोमवारी येतो म्हणाला.” म्हणजे तुझ्याशी एक खोटं, तिच्याशी दुसरं.

रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तिचं हृदय थांबलं. सकाळचा रिपोर्ट माझ्या खिशात होता. सगळ्यांत चांगला.

स्मशानात तू मला विचारलंस, “शेवटी काही म्हणाली?” मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. तेव्हा सांगता आलं असतं. तुझ्या डोळ्यांत मी पाहिलं आणि मला भीती वाटली. मग ती भीती इतकी सवयीची झाली की तुझा फोन न येणं मला सोयीचं वाटायला लागलं. तू रागावून गप्प आहेस असं सगळे समजत होते. तू दुखावून गप्प होतास, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

चार महिन्यांनी बोटं दुखायला लागली.

याचं कारण ते, असं मी म्हणत नाही. मॅडमनीही म्हटलं नाही. या बुधवारी पुन्हा जाऊन मी त्यांना हे सगळं सांगितलं, पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, सुटलात तुम्ही. त्या म्हणाल्या, “भावाला सांगा. पण सांगितलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि गुरुवारची तपासणी टळणार नाही. त्याने माफ केलं तर मूत्रपिंड बरं होईल असला सौदा मनात करू नका. त्याच्यावर ते ओझं टाकू नका.” म्हणून स्पष्ट लिहिते. मी आजारी आहे म्हणून मला माफ करायचं नाही. आजार वेगळा, हे वेगळं. मी धडधाकट असते तरी हे तुझं होतं आणि मी ते दाबून ठेवलं होतं.

फक्त माझी झोप मोडायची ती कशाने, ते आता मला माहीत आहे. वहीत गेल्या बुधवारपासून शेरा खरा लिहितेय. ‘डॉक्टरांना आईचं सांगितलं.’ ‘दादाला पत्र लिहायला बसले, फाडलं.’ ‘फाडलं.’ ‘फाडलं.’ कालचा दुखण्याचा आकडा साडेसात आहे. कमी झाला नाही, उलट वाढलाय. म्हणजे हे काही औषध नव्हे, हे तुला कळावं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला दाखल व्हायचं आहे. अजितसर आठ वाजता खाली येऊन उभे राहतील, तेव्हा तू आला नाहीस तरी माझी सोय आहे. आला नाहीस तर मी मावशींना सांगीन की चूक माझी होती. काय चूक तेही सांगीन. मजल्यावर मला ‘लेक असावी तर अशी’ म्हणतात, ते बंद झालेलं बरं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यात मी तुझं नाव लिहिलंय. तुझं उत्तर काहीही आलं तरी ते खोडणार नाही.

आलास, तर दोन गोष्टी आण.

एक, माझं दोन तारखेचं पत्र. त्यात मी लिहिलंय की आई ‘नको’ म्हणाली. तीन वर्षांनीसुद्धा, पेन हातात घेऊन, पुन्हा लिहिलं मी ते. फाडलं नसशील तर घेऊन ये. त्या ओळीवर तू काही करू नकोस. रेघ मला मारायची आहे. खालचं वाचता येईल अशी.

दुसरी, मोठी पिशवी. फ्रेमची काच जुनी आहे, जाड कापडाची आण. हे मी सांगत नाहीये. हा आईचा निरोप आहे, १८ नोव्हेंबर २०२१ चा. पोचवायला तीन वर्षं, दोन महिने आणि एकोणतीस दिवस लागले.

फोटो सकाळी पुसून ठेवलाय. हात वर जात नव्हते, म्हणून स्टुलावर चढले. मावशी दाराच्या फटीतून ओरडल्या, “पडशील गं बये!” पडले नाही.

निरोप उशिरा पोचवणारी,
तुझी बहीण

सही : अपेक्षा गौतम
तारीख : १६/२/२०२५